स्किल्ड व्हिसावर परदेशी गेलात, आता करिअर बदलायचंय?

इंजिनिअर म्हणून परदेशी गेलेल्या माणसाला काही वर्षांनी शिक्षक व्हावंसं वाटतं. रुग्णालयातल्या रात्रपाळ्यांना कंटाळलेल्या नर्सला आरोग्यक्षेत्रातल्या डेटाच्या कामाकडे वळायचं असतं. सॉफ्टवेअरमधल्या एखादीला वकिली खुणावते. मायदेशी असता तर हा निर्णय पैसा, वय आणि घरच्यांची तयारी यांवर ठरला असता. परदेशात त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो. त्या देशात काम करण्याची जी परवानगी तुम्हाला मिळाली आहे, ती नेमकी कशाला बांधलेली आहे?

इथे लोक दोन उलट्या चुका करतात. ज्यांची परवानगी पूर्ण मोकळी असते, ते ‘मला पॉइंट तर याच व्यवसायाचे मिळाले होते’ असं धरून वर्षानुवर्षं जुन्या कामात स्वतःला कोंडून घेतात. आणि ज्यांची परवानगी एका कंपनीतल्या एका कामापुरतीच असते, त्यांतले काही जण व्हिसाची मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत म्हणून निर्धास्तपणे राजीनामा देऊन मोकळे होतात. दुसऱ्या चुकीत देश सोडायची वेळ येऊ शकते. पहिलीत आयुष्याची उमेदीची वर्षं जातात, आणि ती गेल्याचं कुणी कागदावर कळवतही नाही.

माणसाला दिलेली परवानगी

कुशल स्थलांतरितांना आत घेण्याच्या ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एका वाटेत सरकार माणूस निवडतं. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देतं आणि जे पुरेसे गुण मिळवतात त्यांना कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे पीआर देतं. ही गुणांची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये आणली, आणि २०१५ पासून तिथले अर्ज एक्सप्रेस एन्ट्री या ऑनलाइन निवडप्रणालीतून जातात. ऑस्ट्रेलियाचा १८९ क्रमांकाचा व्हिसा याच प्रकारचा. त्यासाठी किमान ६५ गुण लागतात आणि आपल्या व्यवसायाचं मूल्यमापन आधी करून घ्यावं लागतं, म्हणजे इंजिनिअर असाल तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून, आयटीत असाल तर ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटीकडून.

या वाटेने आलेल्यांना ठामपणे सांगायला हवं: तो व्यवसाय ही प्रवेशाची अट होती, तिथे राहण्याची नाही. कॅनडात फेडरल स्किल्ड वर्कर म्हणून पीआर मिळवलेला अकाउंटंट उद्या सुतारकाम शिकू शकतो, दुकान काढू शकतो, पुन्हा कॉलेजात जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियातला १८९ वालाही तसाच मोकळा. अर्जात लिहिलेली माहिती खरी होती ना, एवढाच प्रश्न उरतो.

काही पीआर आणि अर्धे-पीआर मात्र जागेला बांधलेले असतात. कॅनडात एखाद्या प्रांताच्या शिफारशीवर येणारा माणूस त्या प्रांतात राहण्याचा इरादा जाहीर करून आलेला असतो, आणि पोचताच दुसरीकडे निघून गेला तर त्या इराद्याबद्दल शंका घेतली जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या ४९१ या तात्पुरत्या, पुढे पीआरकडे नेणाऱ्या व्हिसावर व्यवसाय कुठलाही चालतो, पण राहणं, काम आणि शिक्षण सरकारने ठरवलेल्या प्रादेशिक भागातच हवं. म्हणून नवं करिअर निवडताना ते त्या भागात उपलब्ध आहे का, हे आधी पाहा.

मालकाला आणि कामाला बांधलेली परवानगी

दुसऱ्या वाटेत निवड मालक करतो आणि सरकार त्या मालकाकडच्या त्या कामाला मान्यता देतं. ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा, अमेरिकेचा एच-वन-बी, ऑस्ट्रेलियाचा ४८२ हे सगळे या गटातले. गुंतागुंत खरी इथे आहे.

ब्रिटनपासून सुरुवात करू. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या या व्हिसात मालक तुमच्यासाठी स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र काढतो आणि त्यावर तुमच्या कामाचा चार आकडी व्यवसाय-कोड असतो. मालक बदलला तर नवा अर्ज करावा लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. मालक तोच राहून कोड बदलला तरीही नवा अर्ज करावा लागतो, हे अनेकांना माहीत नसतं. उदाहरणार्थ, प्रोग्रॅमर आणि सॉफ्टवेअर विकसकांचा कोड २१३४ आहे, सायबर सुरक्षेतल्यांचा २१३५. एकाच मजल्यावर दोन टेबलं पलीकडे बसणारी ही माणसं गृहखात्याच्या लेखी वेगवेगळ्या व्यवसायांत आहेत. कंपनीने प्रेमाने दुसऱ्या विभागात हलवलं तरी नवी मंजुरी हाती येईपर्यंत ते काम सुरू करता येत नाही. उलट त्याच कोडमध्ये बढती मिळाली, हुद्दा बदलला, तर सहसा काही करावं लागत नाही. कोड ठरतो तो प्रत्यक्ष कामावरून, व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामावरून नाही. म्हणून करिअर बदलायचा विचार डोक्यात आला की पहिल्यांदा आपल्या प्रमाणपत्रावरचा कोड शोधा, मग हव्या असलेल्या कामाचा कोड पाहा. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे तुमच्यापुढचं कागदोपत्री काम.

अमेरिकेत भाषा वेगळी, तर्क तोच. एच-वन-बी फक्त अशा कामाला मिळतो ज्यासाठी विशिष्ट विषयातली किमान पदवी लागते, आणि तुमची पदवी त्या कामाशी थेट संबंधित असावी लागते. करिअर बदलणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. मेकॅनिकल इंजिनिअरने स्वतःच्या जिद्दीने ग्राफिक डिझाइन शिकून घेतलं, कामही उत्तम जमतं, कंपनी घ्यायला तयार आहे, तरी पदवी आणि काम यांचा दुवा कागदावर दाखवता आला नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अशा वेळी नव्या विषयातलं मास्टर्स हा लांबचा पण सरळ रस्ता ठरतो.

एक सोय मात्र चांगली आहे. २००० च्या कायद्यामुळे, आधीच एच-वन-बीवर असलेला माणूस नव्या मालकाने अर्ज दाखल केल्याबरोबर नव्या कामावर रुजू होऊ शकतो, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दरवर्षीच्या ८५,००० जागांमध्ये तुमची मोजणी एकदा झालेली असेल तर या जागा वाटणाऱ्या लॉटरीतही पुन्हा जावं लागत नाही. विद्यापीठात किंवा तत्सम संस्थेत मर्यादेबाहेरच्या एच-वन-बीवर असलेल्यांनी इथे सावध व्हावं. त्यांची अशी मोजणी कधीच झालेली नसेल, तर खासगी कंपनीत जाताना लॉटरी त्यांना चुकत नाही.

जर्मनी या बाबतीत बरीच सैल झाली आहे. ब्लू कार्डावर, म्हणजे मुख्यतः पदवीधरांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते कार्यालय तो बदल ३० दिवस थांबवून तपासू शकतं. त्यानंतर आधी विचारायची गरज नाही. ब्लू कार्डासाठी काम पदवीच्या दर्जाला साजेसं असावं लागतं. पण साध्या कुशल कामगार परवान्यावर, नोव्हेंबर २०२३ पासून, मान्यताप्राप्त पदवी असलेला माणूस कुठल्याही कुशल कामात जाऊ शकतो, ते काम त्याच्या पदवीच्या विषयातलंच हवं अशी अट नाही. करिअर बदलणाऱ्यासाठी इतका उपयोगी बदल दुसऱ्या कुठल्या मोठ्या देशाने अलीकडे केलेला मला दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ४८२ वर काम नेमून दिलेल्या व्यवसायातच करावं लागतं. पण १ जुलै २०२४ पासून, मालकाकडचं काम सुटल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या पूर्ण काळात मिळून ३६५ दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत दुसऱ्या व्यवसायातही काम करता येतं. ब्रिटनमध्ये काम सुटलं की गृहखातं व्हिसाची मुदत कापतं आणि साधारणपणे ६० दिवस देतं. अमेरिकेतही जास्तीत जास्त ६० दिवस, आणि तुमच्या आय-९४ ची, म्हणजे देशात राहण्याची मुदत सांगणाऱ्या नोंदीची, तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेच. साठ दिवसांत नोकरी मिळू शकते, नवं करिअर उभं राहत नाही. आधी राजीनामा, मग शोध, हा क्रम या दोन देशांत म्हणूनच धरू नका.

पगाराची अडचण

करिअर बदलणारा माणूस सहसा खालच्या पायरीवरून सुरुवात करतो. पगार कमी होतो, आणि तो आनंदाने कमी घ्यायलाही तयार असतो. व्हिसाला मात्र हे चालत नाही.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करचा सर्वसाधारण किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेला आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाला. त्या व्यवसायाचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो लागू होतो. त्याच दिवशी कामाची पातळीही वाढवून पदवीच्या दर्जाला नेली. तरुणांना, नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना आणि आरोग्यसेवेतल्यांना वेगळे, कमी आकडे आहेत, पण दहा वर्षं दुसऱ्या क्षेत्रात घालवलेल्या पस्तिशीच्या माणसाला नवोदिताची सवलत सहसा मिळत नाही. जर्मन ब्लू कार्डाची मर्यादा दरवर्षी ठरते. २०२५ मध्ये ती ४८,३०० युरो होती, टंचाई असलेल्या व्यवसायांना त्याहून कमी.

याचा परिणाम असा की ज्याला कौशल्य आहे, उत्साह आहे आणि नोकरी द्यायला मालकही आहे, त्याचाही बदल केवळ पगाराच्या आकड्यावर अडू शकतो. यातून वाट काढायची तर बदल दोन टप्प्यांत करावा लागतो. आधी क्षेत्र तेच ठेवून कामाचा प्रकार बदला, किंवा काम तेच ठेवून क्षेत्र बदला. बँकेत प्रोग्रॅमर असलेल्याला आरोग्यक्षेत्रात जायचं असेल, तर रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅमर म्हणूनच जावं. कोड तोच राहतो, पगार टिकतो, आणि दोन वर्षांत त्या क्षेत्राची भाषा, माणसं, अडचणी कळतात. पुढची उडी तिथून मारली की तिला अनुभवाचा पगार मिळतो. एका झटक्यात दोन्ही बदलायची घाई तात्पुरत्या व्हिसावर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पीआरची रांग

कधी बदलायचं हे पीआर किती जवळ आली आहे त्यावर अवलंबून असतं. हिशेब प्रत्येक देशात वेगळा.

ब्रिटनमध्ये आजवरचा नियम असा की पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, आणि मधे मालक किंवा कोड रीतसर बदलला तरी घड्याळ शून्यावर जात नाही. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने हा काळ १० वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे अर्जाआधी त्या दिवशीचा नियम सरकारी संकेतस्थळावर वाचून घ्या. जर्मन ब्लू कार्डावर बी-वन पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत, ए-वनवर २७ महिन्यांत कायम परवाना मिळू शकतो. इतक्या कमी काळासाठी मोठी उडी पुढे ढकलणं शहाणपणाचं, आणि तेवढ्यात भाषा पक्की केली तर ती नव्या करिअरलाही लागतेच.

भारतात जन्मलेल्यांसाठी अमेरिकेची गोष्ट निराळी. एका देशाला रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने ईबी-२ आणि ईबी-३ या त्यांतल्या दोन गटांची भारतीयांची रांग दशकाहून मागे आहे. ‘ग्रीन कार्ड आल्यावर बघू’ म्हणणाऱ्याची चाळिशी त्यात निघून जाते. म्हणून इथे नियमातल्या फटी नीट ओळखायला हव्यात. तुमचा आय-१४०, म्हणजे मालकाने तुमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, एकदा मंजूर झाला की त्यावरची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, सहसा तुमचीच राहते. नवा मालक, नवं काम, नवा अर्ज, पण रांगेतली जागा जुनी. मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर जुन्या मालकाने अर्ज मागे घेतला तरी ती डेट जात नाही. नव्या मालकाला पर्म (त्या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवून घ्यायची कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, हा खर्च आणि वेळ धरून चाला. म्हणजे खरा मोठा व्यवसायबदल करायला आय-१४० मंजुरीनंतरचा, रांगेत थांबण्याचा काळ वाटतो तितका वाईट नाही.

अडचण शेवटच्या टप्प्यात येते. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा तुमचा स्वतःचा शेवटचा अर्ज, दाखल होऊन १८० दिवस झाले की नोकरी बदलता येते, पण नवं काम ‘तेच किंवा तत्सम’ व्यवसायातलं असावं लागतं. म्हणजे रांगेच्या मधे जितकं मोकळं, तितकं रांगेच्या टोकाशी नाही. अनेक जण नेमके उलट वागतात: मधली वर्षं भीतीने गप्प बसतात आणि कार्ड दृष्टिपथात आलं की हालचाल करतात.

लायसन्सचं दुसरं दार

पीआर असो वा नसो, काही व्यवसायांच्या दारावर सरकारच्या इमिग्रेशन खात्याखेरीज दुसरं कुणीतरी उभं असतं. डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक, काही देशांत इंजिनिअर यांना तिथल्या नियामक संस्थेचं लायसन्स लागतं. अमेरिकेत परदेशी डॉक्टरला यूएसएमएलई या परवाना परीक्षेनंतर सहसा पुन्हा रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, करावी लागते. ब्रिटनमध्ये बहुतेकांना प्लॅब परीक्षा. नर्सिंगसाठी अमेरिकेत आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत एनक्लेक्स ही परीक्षा. त्यामुळे अनेकांचं करिअर त्यांनी न ठरवताच बदलतं. पीआर देताना गुण ज्या पदवीचे दिले, तिच्यावर काम मात्र करू देत नाहीत, हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय आहे. त्यात सुधारणा हळूहळू होते आहे: ऑन्टारिओतल्या इंजिनिअरांच्या संस्थेने २०२३ मध्ये कॅनडातल्याच अनुभवाची अट काढून टाकली.

नवं करिअर निवडताना हे दार आधी तपासा, कारण ते कधी अपेक्षेपेक्षा उघडं निघतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई नावाची परीक्षा आहे. तिला कायद्याचीच पदवी लागत नाही, कुठलीही पदवी चालते. सोबत दोन वर्षांचा कायद्याच्या कामाचा पात्र अनुभव हवा. परीक्षेचा अभ्यास नोकरी सांभाळून करता येतो, व्हिसाचा प्रश्न येतो तो त्या दोन वर्षांसाठी.

अभ्यासाबद्दल एकंदर चांगली बातमी आहे. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर शिकता येतं, अमेरिकेत एच-वन-बीची नोकरी चालू ठेवून अर्धवेळ शिक्षण घेता येतं. काम मात्र जपून. ब्रिटनमध्ये स्पॉन्सर केलेल्या नोकरीखेरीज आठवड्याला २० तासांपर्यंत पूरक काम करता येतं, तेही पात्र व्यवसायातच. अमेरिकेत अशी ढिलाई नाही. शनिवार-रविवार घेतलेलं फ्रीलान्स काम, पगार न घेता केलेली इंटर्नशिपसुद्धा परवानगीविना केलेलं काम ठरू शकतं, आणि ते वर्षांनंतर ग्रीन कार्डाच्या फाइलमध्ये वर येऊ शकतं. नव्या क्षेत्राची चव घ्यायची तर अभ्यासक्रम, परीक्षा, त्या क्षेत्रातल्या माणसांशी गप्पा, आणि सध्याच्याच मालकाकडे त्या विभागाशी जोडलेली कामं मागून घेणं, हे सुरक्षित.

घरातला दुसरा व्हिसा

जोडप्यांनी एक गोष्ट कागदावर मांडून बघावी. मुख्य अर्जदाराचा व्हिसा बांधलेला असतो, पण जोडीदाराचा बहुतेक देशांत मोकळा असतो. ब्रिटनमध्ये अवलंबित जोडीदार जवळपास कुठलंही काम करू शकतो, जर्मनीत आणि ऑस्ट्रेलियाच्या ४८२ वरही काम करण्याची मुभा आहे. अमेरिका अपवाद. तिथे एच-४ वरच्या, म्हणजे एच-वन-बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, जोडीदाराला मुख्यतः एच-वन-बीधारकाचा आय-१४० मंजूर झाल्यावरच कामाचा परवाना मिळतो, तोही २०१५ च्या नियमामुळे.

याचा अर्थ असा की घरात आधी करिअर बदलायची संधी ‘अवलंबित’ म्हटल्या जाणाऱ्या माणसाला असू शकते. त्याला पगाराची किमान अट नाही, कोड नाही, तो खालच्या पायरीवरून सुरू करू शकतो. पुढे त्याला त्याच्या नव्या व्यवसायात स्वतःचा स्पॉन्सर मिळाला तर भूमिका उलटवता येतात, आणि मग आधी बांधलेला माणूस मोकळा होतो. ब्रिटनमध्ये असं करताना, अवलंबित म्हणून घालवलेला काळ स्वतःच्या स्किल्ड वर्कर वाटेवरच्या पाच वर्षांत धरला जात नाही, हे हिशेबात घ्या.

निघण्याआधीचे कागद

राजीनाम्यापूर्वी नोकरीचा करार पुन्हा वाचा. लवकर सोडल्यास खर्च परत करण्याचं कलम अनेक करारांत असतं, पण मालकाला सगळंच वसूल करता येत नाही. ब्रिटनमध्ये इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे स्पॉन्सर करणाऱ्या मालकाला भरावा लागणारा सरकारी आकार, कामगाराकडून घेता येत नाही. अमेरिकेत पर्मचा वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्च २००७ पासून मालकानेच सोसायचा असतो. आय-१४० च्या मंजुरीची प्रत, जुन्या पगारपत्रकांच्या नकला, आणि प्रत्यक्ष काय काम केलं ते नमूद करणारं अनुभवपत्र नोकरीत असतानाच मागून घ्या. सोडून गेलेल्याला हे देण्याची घाई कुणाला नसते.

सल्ला कुणाचा घ्यायचा, हेही ठरवा. कंपनीने नेमलेला वकील सहसा कंपनीचं हित बघतो. तुम्ही निघायचा विचार करताय हे त्याला सांगणं म्हणजे मालकाला सांगण्यासारखंच होऊ शकतं. स्वतःच्या खर्चाने एक बैठक घ्या, आणि समोरची व्यक्ती नोंदणीकृत आहे का ते तपासा: ब्रिटनमध्ये सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार, कॅनडात वकील किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा सदस्य, ऑस्ट्रेलियात वकील किंवा नोंदणीकृत मायग्रेशन एजंट, अमेरिकेत वकील. बैठकीला जाताना व्हिसाची सगळी पत्रं, सध्याच्या कामाचा कोड आणि हव्या असलेल्या कामाची खरी जाहिरात सोबत न्या. नुसतं ‘मला क्षेत्र बदलायचंय’ म्हटलं तर ढोबळ उत्तर मिळतं. जाहिरात समोर ठेवली की तिच्यातल्या कामाला कोणता कोड लागेल, तुमची पदवी त्याला चालेल का आणि तिथला पगार पुरेल का, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर तासाभरात मिळू शकतं.